घर १९०० सालचं आहे, हे ठरवलं कोणी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका छोट्या गावात तुम्ही उभयतांनी जुनं दुमजली लाकडी घर घेतलंय. विक्रीच्या जाहिरातीत ‘बांधकाम १९००’ असं लिहिलं होतं. शेजारच्या आजी मात्र ठासून सांगतात की हे घर सिअर्स या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमधून मागवलेलं आहे, सुटे भाग रेल्वेने आले आणि इथे जोडले. आता घर नक्की कधीचं, कोणी बांधलं आणि त्यात कोण कोण राहून गेलं, हे शोधायचं कसं?

आधी एक लक्षात घ्या. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. सिअर्सने आख्खी घरं विकायला १९०८ मध्ये सुरुवात केली आणि १९४० मध्ये तो धंदा बंद केला. घर १९०० चं असेल तर ते सिअर्सचं नाही आणि सिअर्सचं असेल तर १९०० चं नाही. दोन्ही चुकीचं निघण्याची शक्यताही भरपूर आहे.

मी आयोवा आणि इलिनॉयमध्ये जुन्या घरांची दुरुस्ती करतो आणि जोडीने त्यांचा इतिहासही लावून देतो. जाहिरातीतला ‘१९००’ मी कधीच धरून चालत नाही. काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) असेसरच्या, करासाठी मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, दफ्तरी घराचं नेमकं साल नसेल तर एक गोल आकडा टाकून द्यायची पद्धत बऱ्याच ठिकाणी होती. कर आकारायला तेवढं पुरतं. पुढे तोच आकडा जाहिरातीत येतो, जाहिरातीतून विम्याच्या कागदात जातो आणि दोन मालक बदलले की दारावरच्या पितळी पाटीवर कोरला जातो. मी १८७० च्या दशकातली घरंही या आकड्याखाली पाहिली आहेत आणि १९१५ नंतरचीही.

आजींनाही खोटं ठरवू नका. सिअर्सची कथा मिडवेस्टमध्ये, म्हणजे आयोवा-इलिनॉयच्या या पट्ट्यात, गावोगाव सांगतात, त्याला कारण आहे. इलिनॉयमधल्या कार्लिनव्हिल गावात स्टँडर्ड ऑइल कंपनीने १९१८ च्या सुमारास आपल्या कोळसा खाणीतल्या लोकांसाठी सिअर्सची दीडशेहून जास्त घरं एकगठ्ठा घेतली आणि त्यातली बहुतेक आजही उभी आहेत. पण अशी घरं विकणारी सिअर्स एकटी नव्हती. मिशिगनमधल्या बे सिटीची अलॅडिन होती आणि तुमच्या अगदी जवळ, डॅव्हनपोर्टमध्ये, गॉर्डन-व्हॅन टाइन होती. आयोवात कॅटलॉगचं घर निघालं तर मी या डॅव्हनपोर्टच्या कंपनीचं नाव आधी तपासतो. पुरावा लागतो तो असा: तळघरातल्या तुळयांवर किंवा माळ्यावरच्या वाशांवर छापलेले अक्षर-आकडे, चौकटीच्या पट्टीमागे चिकटलेलं मालवाहतुकीचं लेबल, किंवा काउंटीच्या दफ्तरात कंपनीच्या नावे नोंदलेलं गहाणखत. कॅटलॉगमधल्या चित्राशी घर ‘जुळतं’, एवढ्याने काही ठरत नाही. गावचे सुतारही तीच चित्रं बघून घरं बांधत होते.

कथा आणि पुरावा वेगळे कसे करायचे, हे समजून घ्यायला आयोवातलंच एक घर घेऊ, कारण त्याच्याबद्दल सगळ्या जगाला काही ना काही ठाऊक आहे. वापेलो काउंटीत, डी मॉइन नदीकाठी एल्डन नावाचं गाव आहे, हजाराच्या आतल्या वस्तीचं. तिथलं एक छोटं पांढरं घर तुम्ही चित्रात नक्की पाहिलेलं असणार: पुढे हातात गवत उपसायचा तीन दात्यांचा काटा घेतलेला, चष्मेवाला गंभीर माणूस, शेजारी गळ्याशी ब्रोच लावलेली बाई, आणि मागे घराच्या त्रिकोणी माथ्यात टोकदार कमानीची खिडकी. ग्रँट वुडचं ‘अमेरिकन गॉथिक’. वुड ऑगस्ट १९३० मध्ये एल्डनला आला असताना त्याने हे घर पाहिलं आणि त्याचं रेखाटन केलं. पुढची दोन माणसं त्या घरातली नव्हेतच. बाई म्हणजे वुडची बहीण नॅन आणि पुरुष म्हणजे सीडर रॅपिड्समधले त्याचे दंतवैद्य डॉ. मॅकीबी.

आता घराचा स्वतःचा इतिहास बघा. चार्ल्स आणि कॅथरीन डिबल यांनी ते १८८१-८२ मध्ये बांधलं. क्षेत्रफळ जेमतेम ५०४ चौरस फूट. १८९७ मध्ये कर थकल्यामुळे घर डिबल कुटुंबाच्या हातून गेलं. मग मालक बदलत राहिले. १९१७ ते १९३३ या काळात गिडियन आणि मेरी जोन्स तिथे राहिले, घराला शेवटची खोली त्यांनी जोडली, आणि वुड अंगणासमोर उभा राहिला तेव्हा घर त्यांचंच होतं. १९४२ मध्ये ते स्मिथ कुटुंबाकडे आलं, १९७४ मध्ये नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत, चढलं आणि १९९१ मध्ये स्मिथांनी ते राज्याच्या इतिहास संस्थेला देऊन टाकलं. चित्राने या घराला जगभर नेलं, पण चित्रात डिबलही नाहीत आणि जोन्सही नाहीत. ते सापडतात कराच्या याद्यांत आणि खरेदीखतांत.

त्या प्रसिद्ध खिडकीचं बघा. ती सिअर्सच्या कॅटलॉगमधून मागवली असणार, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. पण रिचर्ड सिअर्सने टपालाने घड्याळं विकायला सुरुवात केली तीच मुळी १८८६ मध्ये. १८८१-८२ च्या बांधकामात त्याच्याकडची खिडकी येणार कुठून? खिडकी नंतर बसवली असं कोणी म्हणत असेल, तर भिंतीत तशी खूण दाखवली पाहिजे: चौकटीभोवती कापलेल्या फळ्या, आजूबाजूच्यापेक्षा वेगळे खिळे, आतून बुजवलेलं जुनं भोक. त्या काळात दारं-खिडक्यांचे मोठे कारखाने मिसिसिपीच्या काठालाच होते, डब्यूकचा फार्ली अँड लेचर, क्लिंटनचा कर्टिस ब्रदर्स, आणि असा माल रेल्वेने गावोगाव जात होता. एल्डन रॉक आयलंड रेल्वेवरचं गाव. खिडकी कुठल्या कारखान्यातली हे मी सांगणार नाही, पण सिअर्सचं नाव ज्या घराला इतक्या सहज चिकटलं ते जगातल्या सर्वांत जास्त बघितल्या गेलेल्या घरांपैकी आहे. तुमच्या घराला ते चिकटणं किती सोपं, याचा अंदाज येईल.

म्हणून सुरुवात करा जमिनीपासून. तुमच्या बाबतीत एक चांगली गोष्ट आहे, घर आयोवात आहे. या राज्यात टायटल इन्शुरन्स, म्हणजे मालकीहक्कात खोट निघाली तर भरपाई देणारा विमा, विकायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे ‘ॲब्स्ट्रॅक्ट ऑफ टायटल’ची जुनी पद्धत अजून जिवंत आहे. सातबाऱ्याबरोबर सगळे जुने फेरफार काढून एकाच फायलीत टाचावेत, तशी ही फाईल असते. त्या लॉटवर आजवर झालेला प्रत्येक व्यवहार, गहाण, वारसा, कोर्टाचा निकाल, थकलेला कर, सगळं क्रमाने. घर घेताना तुमच्या वकिलाने ती तपासलेली असणारच. ती कुठे आहे ते विचारा: बँकेकडे, वकिलाकडे की आधीच्या मालकाकडे. बरेच जण ती कधी उघडूनही बघत नाहीत आणि घराचा निम्मा इतिहास तिच्यात पडून असतो. इलिनॉय किंवा ओहायोत घर असतं तर बहुधा तुम्हाला काउंटी रेकॉर्डरच्या कार्यालयात बसून घेणाऱ्यांची आणि देणाऱ्यांची अनुक्रमणिका उलट दिशेने, आजपासून मागे, एकेक नाव लावत न्यावी लागली असती.

फाईलच्या पहिल्या पानावर बहुतेक ‘युनायटेड स्टेट्स’कडून कोणातरी माणसाला जमीन दिल्याची नोंद असेल. ती वाचताना एक गोष्ट मनाशी ठेवा, जी त्या पानावर नसते. वापेलो काउंटीचंच बघा. वापेलो हे इथल्या मूळ रहिवाशांपैकी मेस्क्वाकी लोकांच्या प्रमुखाचं नाव. सॉक आणि मेस्क्वाकींनी १८४२ च्या करारात इथली जमीन सोडली आणि १ मे १८४३ ला ती वसाहतवाल्यांना खुली झाली. ज्यांना घालवलं त्यांच्यातले काही परत आले आणि १८५७ मध्ये टामा काउंटीत त्यांनी स्वतःच्या पैशाने ८० एकर जमीन विकत घेतली. ती वस्ती आजही आहे. घराचा इतिहास लिहिताना मी हा परिच्छेद प्रत्येक वेळी घालतो. मालकीची साखळी जिथून सुरू होते त्याच्या आधीही तिथे माणसं राहत होती आणि ती कुठे गेली हे आपल्याला माहीत आहे.

मग जमिनीचं वर्णन बघा. १७८५ च्या कायद्याने इकडची सगळी जमीन चौकोनांत मोजली: सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा. पहिलं ‘पेटंट’, म्हणजे सरकारने जमीन दिल्याचा दस्त, बहुधा पाव सेक्शनचं, म्हणजे १६० एकरांचं असतं. ही पेटंटं केंद्र सरकारच्या भू-व्यवस्थापन खात्याच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. पहिल्या माणसाचं नाव सापडलं म्हणून हुरळून जाऊ नका. मेक्सिकोच्या युद्धातल्या आणि इतर जुन्या सैनिकांना सरकारने जमिनीचे वॉरंट, म्हणजे सरकारी जमीन घेण्याची हक्कपत्रं, दिले होते, त्यातल्या पुष्कळांनी ते विकून टाकले आणि सटोडियांनी त्यावर आयोवातली जमीन घेतली. पहिला मालक आयोवात कधी आलाच नसेल. पुढे कोणीतरी त्या शेताचे प्लॉट पाडले, ‘अमक्याची ॲडिशन’ म्हणून नकाशा नोंदला, आणि तिथून तुमचा लॉट नंबर आणि ब्लॉक नंबर सुरू होतो. शोध नेहमी या नंबरांवर घ्या. रस्त्यांची नावं आणि घर क्रमांक छोट्या गावांतही बदललेले असतात. लॉट-ब्लॉक सहसा बदलत नाही.

खरेदीखतात घराचा उल्लेख क्वचितच असतो, फक्त जमिनीचा असतो. घर कधी उभं राहिलं ते आकड्यांवरून ओळखायचं. समजा, लॉट ८० डॉलरला विकला गेला, दोन वर्षांनी त्यावर ६०० डॉलरचं गहाणखत झालं आणि पुढच्या विक्रीत किंमत ९०० वर गेली. मधल्या त्या गहाणखतापाशी थांबा, घर बहुतेक तिथे आहे. किंमत वाढली म्हणजे घरच बांधलं असं मात्र नाही. रेल्वे आली की मोकळ्या लॉटचेही भाव चढायचे. म्हणून जोडीला काउंटीच्या जुन्या कर-याद्या बघायच्या. वर्षानुवर्षं तीच किंमत आणि मग एका वर्षी एकदम उडी, शेजारच्या लॉटांना तशी उडी नाही: हा माझ्या मते कागदावरचा सर्वांत भरवशाचा पुरावा. त्याहून चांगलं काही असेल तर ‘मेकॅनिक्स लीन’. सुताराचे किंवा लाकूडवाल्याचे पैसे बुडले की तो कोर्टात दावा नोंदायचा आणि त्यात कामाच्या तारखा आणि हिशेब यायचा. बिचाऱ्याचे पैसे मिळाले की नाही कोण जाणे, आपल्याला मात्र महिन्यासकट तारीख मिळते.

दस्तांत बायकांच्या सह्या बघायला विसरू नका. विकताना नवऱ्याबरोबर पत्नीचीही सही घेत, तिचा हक्क सोडल्याची. अनेक घरांच्या बाबतीत तिचं नाव कळण्याची ही पहिली जागा. वारसाहक्काच्या फायलीत तर कधी कधी घरातल्या वस्तूंची यादी मिळते: चूल, पलंग, शिवणयंत्र, दोन गाई. असा कागद हाती आला की घरातल्या खोल्या वेगळ्याच दिसायला लागतात. टॅक्स डीड किंवा शेरीफ डीड, म्हणजे थकलेल्या करापायी किंवा कर्जापायी झालेल्या जप्ती-विक्रीचा दस्त, दिसलं, तर तिथे एक कुटुंब घराबाहेर पडलं आहे, हे ध्यानात ठेवून पुढे वाचा.

राहणारी माणसं शोधायला जनगणना. मालक आणि राहणारे एकच असतील असं नाही, भाडेकरूंनी काढलेली वर्षं खरेदीखतांत दिसत नाहीत. १८९० ची केंद्रीय जनगणना जवळजवळ सगळी गेली, १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीमुळे. पण आयोवाने स्वतःची जनगणना १८८५ आणि १८९५ मध्ये केली होती, त्यामुळे इथे ते खिंडार बऱ्यापैकी बुजतं. १९०० पासून घर स्वतःचं की भाड्याचं हा रकाना आहे. आयोवाच्या १९१५ च्या पत्रकात आदल्या वर्षीची कमाई विचारलीय, १९२५ च्या पत्रकात आईवडिलांची नावं. १९३० मध्ये तर घरात रेडिओ आहे का तेही विचारलंय. ७२ वर्षं झाल्याशिवाय केंद्रीय पत्रकं उघडत नाहीत. १९५० ची २०२२ मध्ये उघडली, पुढची अजून बंद.

सॅनबॉर्न कंपनीचे आगीच्या विम्याचे नकाशे बघा, काँग्रेसच्या ग्रंथालयाने ते ऑनलाइन ठेवलेत. लाकडी घर पिवळं, विटांचं गुलाबी. छोट्या गावात ते मुख्य बाजारपेठेपलीकडे फार जात नाहीत, त्यामुळे तुमचं घर त्यात नसेल तर घर नव्हतं असा अर्थ काढू नका. गावच्या साप्ताहिकाचे जुने अंकही चाळा. ‘अमुक यांच्या नव्या घराचा पाया घातला’ अशा एका ओळीच्या बातम्या तिथे असतात.

आता कागद ठेवा आणि बॅटरी घेऊन तळघरात जा. छताला, म्हणजे वरच्या जमिनीखाली, तुळया उघड्या दिसतील. त्यांच्या कडेवर तिरपा उजेड पाडा. लाकडावर एकामागोमाग कमानीसारखे ओरखडे असतील तर ते गोल करवतीने कापलंय. सरळ, उभ्या, थोड्या असमान रेघा असतील तर जुनी वर-खाली चालणारी करवत. आयोवात ती सापडली तर घराचा तो भाग बराच जुना असू शकतो. मग खिळे. बाहेर आलेला एखादाच खिळा बघा, उपटू नका. डोकं चौकोनी, अंग चपटं आणि टोकाकडे दोन बाजूंनी निमुळतं होत गेलेलं, टोक बोथट: हा कट नेल. डोकं गोल, अंग तारेसारखं गोल, टोक अणकुचीदार: हा वायर नेल. १८९० च्या आसपास वायर नेल स्वस्त झाले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांनी कट नेल जवळपास हटवले. मुख्य सांगाड्यात सगळीकडे कट नेल असतील, तर तुमचं घर १९०० च्या आधीचं असण्याची शक्यता पुष्कळच वाढते आणि सिअर्स तर विसराच. पण हे सांगाड्यात बघायचं. फळ्या आणि पट्ट्या लोक बदलत राहतात, आणि लाकडी फरशीसाठी कट नेल पुढेही वापरले गेले.

लाकूडही बोलतं. विस्कॉन्सिन-मिनेसोटातला व्हाइट पाइन मिसिसिपीतून तराफ्यांनी खाली यायचा, क्लिंटन, डॅव्हनपोर्ट, मस्कटीनच्या गिरण्यांत कापला जायचा आणि रेल्वेने आतल्या गावांत पोचायचा. विसावं शतक उजाडलं तोवर ती जंगलं संपत आली आणि दक्षिणेकडचा जड, पिवळा पाइन आणि पश्चिमेचा डग्लस फर येऊ लागला. सांगाडा हलक्या, मऊ, फिकट पाइनचा आणि मागचं स्वयंपाकघर जड, राळेच्या ठळक रेघांच्या लाकडाचं, असं दिसलं तर घराला दोन वयं आहेत. बहुतेक जुन्या घरांना असतात. ‘हे घर कधीचं?’ या प्रश्नाला एकच साल उत्तर म्हणून देणारा माणूस तळघरात उतरलेला नसतो.

आणि घर दुसरीकडून आलेलं असू शकतं, हेही तपासा. तेव्हा घरं ओंडक्यांवर चढवून घोड्यांनी ओढत नेत, त्यात कोणाला नवल वाटत नसे. चुनखडीच्या दगडी पायावर घराची खालची चौकट नीट बसते का? पायाचा आकार घरापेक्षा वेगळा आहे का? कर-यादी १९०५ म्हणते आणि खिळे १८८० म्हणतात, अशी गाठ पडली तर घर हलवलेलं असण्याचा विचार आधी करा.

एक कळकळीची सूचना. शोधाच्या उत्साहात भिंती खरवडू नका. १९७८ पूर्वीच्या रंगात शिसं असायची शक्यता मोठी, आणि घरात लहान मूल असेल तर ती धूळ फार वाईट. माळ्यावर चमकदार, खड्यांसारखं सुटं इन्सुलेशन दिसलं तर त्याला हात लावू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो. आधी तपासणी, मग इतिहास. चिनी मातीच्या गोल खुंट्यांवरून गेलेल्या जुन्या तारा दिसल्या तर फोटो काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

जे सापडेल त्याची एक प्रत गावच्या ग्रंथालयात आणि एक काउंटीच्या इतिहास मंडळात द्या. तुम्ही घर विकलंत तरी ती तिथे राहील. आणि आजींशी नीट बसून बोला, फक्त सिअर्सबद्दल नको. घरात कोण राहायचं, पडवी कधी बंद केली, विहीर कुठे होती, शेवटचा कोळसा कोणत्या वर्षी टाकला, हे विचारा आणि परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. १९५० नंतरची जनगणना अजून बंद आहे, त्या वर्षांचं सांगायला त्याच आहेत.

ॲब्स्ट्रॅक्ट मिळाला की त्यातलं जमिनीचं कायदेशीर वर्णन, पहिली पाच-सहा नावं आणि तळघरातल्या तुळईचा व खिळ्याचा जवळून काढलेला फोटो मला पाठवा. बहुतेक वेळा तेवढ्यावरून दहा वर्षांच्या आत नेम बसतो आणि मग कर-यादीची कोणती वही मागायची ते सांगता येतं.